अस्त्रे, वर आणि शाप : मोरोपंतांच्या बारामतीतील पुराणश्रवण व अद्भुताचे नियम

प्रस्तावना

गेल्या पाव शतकात इंग्रजीतील अद्भुतरम्य महाकादंबऱ्यांचा वाचक महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांतही निर्माण झाला आहे. हा वाचक कथा वाचून थांबत नाही. कादंबरीतील जादू कोणत्या नियमांनी चालते, ती वापरणाऱ्याला कोणते मोल द्यावे लागते, लेखकाने एका प्रकरणात घातलेली मर्यादा पुढच्या प्रकरणात मोडली आहे काय, याविषयी तो उपपत्ती मांडतो आणि समानधर्मी वाचकांशी वाद घालतो. 'हॅरी पॉटर' मालिकेच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अखेरच्या भागातील सर्वश्रेष्ठ छडीचा प्रश्न या दृष्टीने बोलका आहे. छडीची निष्ठा तिच्या धन्याला नमविणाऱ्याकडे जाते, हा तेथील नियम. परंतु हॅरीने ड्रॅकोच्या हातून हिसकावली ती निराळीच छडी होती. मग सर्वश्रेष्ठ छडीची मालकी त्याच्याकडे कशी आली? कथेने उत्तर दिले असूनही वाचकांचे समाधान झाले नाही. त्याच वर्षी अमेरिकन कादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांनी या वाचकवृत्तीला सूत्ररूप दिले. जादूच्या साहाय्याने संकट निवारण्याची लेखकाची मुभा वाचकाला त्या जादूचे नियम जितके उमगले असतील तितकीच असते, असा त्यांच्या सूत्राचा आशय आहे. तत्पूर्वी टॉल्किन यांनी १९३९ च्या परीकथांवरील व्याख्यानात कल्पित विश्वाची आंतरिक सुसंगती हा मुद्दा मांडलाच होता.

ही सारी चर्चा नवी आणि परकी समजली जाते. कऱ्हा व नीरा या नद्यांच्या खोऱ्याचा वाङ्मयीन इतिहास पाहता हा समज तपासून घ्यावा लागतो. अद्भुताला नियम असतात आणि श्रोत्याने त्यांविषयी प्रश्न विचारावयाचे असतात, ही धारणा येथे अठराव्या शतकातही रुजलेली होती. ती पुढे मराठी समीक्षेच्या दृष्टीआड का गेली, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

नाईकांचा आश्रित पुराणिक

मोरेश्वर रामजीपंत पराडकर ऊर्फ मोरोपंत यांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्यास झाला. केशव व गणेश पाध्ये या बंधूंजवळ त्यांचे संस्कृत अध्ययन झाले. वडील बारामतीकर नाईकांच्या पदरी असल्याने तरुणपणीच ते बारामतीस आले आणि १७९४ मध्ये निधन होईपर्यंत तेथेच राहिले. नाईकांचे घराणे सावकारीचे. पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची कन्या भिऊबाई याच घराण्यात दिलेली होती. पेशव्यांना कर्ज देणारे आणि प्रसंगी त्यांच्याशी वैर करणारेही हेच घराणे. अशा वाड्यात पुराण सांगणे आणि मुलांना शिकविणे हे मोरोपंतांचे काम होते. त्यांच्या नावावरील सुमारे पाऊण लाख पद्यांचा विचार करताना ही गोष्ट विसरली जाते. हा कवी आयुष्यभर श्रोत्यांसमोर बसलेला होता.

'आर्याभारत' ही त्यांची सर्वांत मोठी रचना. महाभारताची परंपरेने मानलेली श्लोकसंख्या एक लक्ष. मोरोपंतांनी अठराही पर्वांची चौकट कायम ठेवून ते सुमारे सतरा हजार आर्यांत आणले. म्हणजे पाच-सहा श्लोकांमागे एक आर्या, आणि तीही बहुधा गीती, साठ मात्रांची. अशा संक्षेपात वर्णने गळतात, उपदेश आटतो. पण कथेचे सांधे गाळता येत नाहीत. कोणाला कोणते अस्त्र कोणत्या अटीवर मिळाले, कोणता शाप कोणत्या क्षणी फळास येणार, हे महाभारतातले सांधेच आहेत. एक निखळला तर पुढचे पर्व उभे राहत नाही.

धृतराष्ट्राची शंका

या अटी मुळातून पाहिल्या म्हणजे त्यांची काटेकोर बांधणी ध्यानात येते. वनपर्वात शंकर अर्जुनाला पाशुपतास्त्र देतात ते ताकीद देऊनच : अल्पबळ मनुष्यावर ते पडले तर सारे जग जळेल. पुढे अर्जुन भावांना आपली दिव्यास्त्रे दाखवावयास निघतो तेव्हा धरणी कापू लागते आणि नारद येऊन त्याला थांबवितात, कारण लक्ष्यावाचून अस्त्र सोडावयाचे नसते. द्रोणवधानंतर अश्वत्थामा नारायणास्त्र सोडतो. ते शस्त्र धरणाऱ्यावरच चालते. कृष्ण सर्वांना रथाखाली उतरून शस्त्रे टाकावयास सांगतो. एकटा भीम ऐकत नाही आणि अस्त्राचा सारा भार त्याच्यावर येतो. अखेर कृष्णार्जुन त्याला ओढून खाली उतरवितात. दुर्योधन म्हणतो, पुन्हा सोड. अश्वत्थामा उत्तरतो की ते परतवून पुन्हा योजता येत नाही. योजणाऱ्याचाच घात होईल.

सौप्तिकपर्वात हे नियम आणखी सूक्ष्म होतात. ब्रह्मशिर अस्त्र द्रोणांनी पुत्राला दिले ते मनाविरुद्ध, आणि मनुष्यांवर कधीही योजू नये असे बजावून. तोच अश्वत्थामा गवताच्या काडीवर ते अभिमंत्रित करून पांडवांच्या नाशासाठी सोडतो. अर्जुनही आपले अस्त्र सोडतो, परंतु ते अस्त्राने अस्त्र शमावे म्हणून. आणि सोडण्यापूर्वी तो प्रथम गुरुपुत्राचे कल्याण चिंतितो. दोन्ही अस्त्रांच्या मध्ये व्यास व नारद उभे राहतात. अर्जुन आपले अस्त्र परत घेतो, कारण त्याने व्रत पाळलेले आहे. अश्वत्थाम्याला ते जमत नाही. विद्या दोघांची एक, गुरू एक, अधिकार भिन्न. सोडणे मंत्राचे काम आहे आणि आवरणे चारित्र्याचे, हा भेद संपूर्ण प्रसंगाला आधार देतो. अलीकडच्या कादंबऱ्यांत जादूचे मोल रक्ताने, आयुष्याने किंवा स्मृतीने चुकते होते. येथे ते शीलाने चुकते होते, आणि तेही आधी.

मात्र सर्वांत लक्षणीय आहे ती कर्णाच्या वासवी शक्तीची गोष्ट. कवचकुंडलांच्या बदल्यात इंद्राने दिलेली ही शक्ती एकाच बलाढ्य शत्रूला मारून इंद्राकडे परत जाणार. कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवली आणि चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कचावर खर्च करावी लागली. श्रोत्याच्या मनात साहजिकच शंका येते : इतके दिवस समोर अर्जुन असताना कर्णाने ती सोडली का नाही? ही उणीव शोधण्यास आधुनिक वाचकाची गरज नाही, कारण द्रोणपर्वात धृतराष्ट्रच हा प्रश्न संजयाला विचारतो. संजय सांगतो की कौरव रोज रात्री कर्णाला हेच सुचवीत आणि सकाळ झाली की ते विसरून जाई. ही कृष्णाची मोहिनी. उत्तर पटो वा न पटो, प्रश्न ग्रंथाने स्वतःच नोंदवून ठेवला आहे. संपूर्ण महाभारत जनमेजयाच्या पृच्छेवर उभे आहे. शंका विचारणाऱ्याची जागा रचनेतच राखलेली आहे. पुराणिकापुढे बसलेला श्रोता त्याच जागी बसतो. मूळचे गोदाकाठच्या कोपरगावचे आणि काशीस जाऊन महाभारताची टीका लिहिणारे नीलकंठ चतुर्धर यांचेही सतराव्या शतकातील कार्य पुष्कळसे अशा शंकांच्या निरसनाचेच होते.

संगमावरचा नरसिंह

बारामतीजवळून वाहणारी कऱ्हा सोनगावाशी नीरेस मिळते आणि नीरा पुढे इंदापूर तालुक्याच्या टोकाला भीमेस मिळते. त्या संगमावर नीरा-नरसिंहपूर आहे. तेथील वालुकामूर्ती प्रल्हादाने केली, अशी श्रद्धा आहे. हिरण्यकशिपूची कथा या परिसरात सर्वांच्या परिचयाची असल्याने तिची तार्किक बाजू सहसा कोणी उकलून सांगत नाही. दैत्य वर मागतो तो कायदेपंडिताच्या सावधगिरीने : मनुष्याकडून नको, पशूकडून नको, दिवसा नको, रात्री नको, आत नको, बाहेर नको, भूमीवर नको, आकाशात नको, शस्त्राने नको. देव हा वर मोडीत नाही. तो त्यातील प्रत्येक जोडीच्या मधली फट शोधतो. नर आणि सिंह, सांजवेळ, उंबरठा, मांडी, नखे. वाचकाला अथवा श्रोत्याला सर्व अटी आधीच ठाऊक असतात, म्हणूनच उंबरठ्यावरच्या त्या क्षणाचा आनंद मिळतो. सँडरसन यांच्या सूत्राला याहून नेमके उदाहरण त्यांच्या स्वतःच्या ग्रंथांतही सहजी सापडणार नाही.

अक्षरांचे बंधन

मोरोपंतांनी या नियमप्रियतेला आणखी एक वळण दिले. त्यांनी एकशे आठ रामायणे रचली, असे परंपरा मानते, आणि त्यांतील बहुसंख्य उपलब्ध आहेत. 'मंत्ररामायणा'त 'श्रीराम जय राम जय जय राम' हा त्रयोदशाक्षरी मंत्र अक्षराक्षराने गुंफला आहे. 'परंतु रामायणा'त 'परंतु' हा शब्द सतत योजावयाचा. 'निरोष्ठ रामायणा'त ओठ जुळवून उच्चारावयाचा वर्ण येऊ द्यावयाचा नाही. यमकाच्या व अक्षरचमत्कृतीच्या हव्यासाबद्दल मोरोपंतांना दूषण देण्याची प्रथा मराठीच्या वर्गांत जुनी आहे, आणि निबंधमालेत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांची बाजू घेऊनही ती मोडली नाही. ती सर्वस्वी निराधारही म्हणता येत नाही. या रामायणांतील काही भाग आज वाचताना दमछाक होते.

तरीही निरोष्ठ रचनेतील एक गोष्ट थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. 'राम' या नावातला 'म' ओष्ठ्य आहे. लक्ष्मण, भरत, बिभीषण, कुंभकर्ण ही नावेही याच कारणाने बाद होतात. सीता, दशरथ अशी थोडी नावे उरतात. म्हणजे रामाचे नाव न घेता रामकथा सांगावयाची. अशा बंधनाला संस्कृतात पूर्वपरंपरा आहे. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त मंत्रगुप्ताच्या ओठांना प्रियेच्या दंतक्षतांनी वेदना होत असल्याने तो आपली हकीकत ओष्ठ्य वर्णांवाचून सांगतो. तेथे बंधनाला कथेतील कारण आहे. बारामतीच्या कवीपाशी असे कारण नाही. त्याच्यापाशी नामजप करणारे श्रोते आहेत. एका रामायणात नाम अक्षरांत विखरून ठेवलेले आणि दुसऱ्यात ते उच्चारताच येऊ नये अशी योजना, ही दोन्ही एकाच कवीने करावीत यात केवळ कसरत दिसत असेल तर तो पाहणाऱ्याचा संकोच म्हटला पाहिजे. मंत्रावर विश्वास असलेल्या समाजात अक्षर हीच शक्ती असते, आणि शक्तीला नियम लागतो.

'घडले काय?' हा प्रश्न

मोरोपंतांच्या आर्या पुढे रामजोशींसारख्या कवी-कीर्तनकारांनी गावोगाव नेल्या. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापील पुस्तकांचा वाचक निराळे प्रश्न घेऊन आला. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) व नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या लोकप्रिय झाल्या. आपल्या समाजाच्या चालीरीतींमुळे येथील जीवनात मनोरंजक असे काही उरले नाही, म्हणून लेखकाला अद्भुताकडे वळावे लागते, असे रिसबुडांनी प्रस्तावनेत प्रांजळपणे सांगितले. १८७२ साली काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल व नाटक यांविषयीच्या निबंधात संभाव्यतेची कसोटी पुढे केली. ही कसोटी आवश्यक होती, कारण त्या कादंबऱ्यांतील चमत्कारांना धरबंध नव्हता. दोष असा की, नियम असलेले अद्भुत आणि नियम नसलेले अद्भुत यांत पुढील समीक्षेने भेद केला नाही. दोन्हींना एकच शिक्का बसला.

महाभारताच्या अभ्यासातही हेच झाले. चिंतामणराव वैद्य यांनी 'महाभारताचा उपसंहार' (१९१८) या ग्रंथात व्यास, वैशंपायन व सौती अशा तीन कर्त्यांची उपपत्ती मांडून वाढीव मजकुराचा मोठा वाटा सौतीकडे दिला. इरावती कर्वे यांनी 'युगान्त' (१९६७) मध्ये पात्रांना माणूस म्हणून पाहिले आणि मराठी वाचकाला ते फार मोठे देणे आहे. दुसऱ्या टोकाला डॉ. प. वि. वर्तक यांच्या 'वास्तव रामायणा'सारखे ग्रंथ आणि ब्रह्मास्त्र म्हणजे अणुबाँब अशी लोकप्रिय समजूत. ही टोके परस्परविरुद्ध असली तरी प्रश्न एकच विचारतात : हे खरोखर घडले काय? एकाचे उत्तर नाही, दुसऱ्याचे होय. अणुबाँबची उपपत्ती तर कथेतले नियमच फेकून देते. अश्वत्थाम्याच्या हातात गवताची काडी होती, हे तिला अडचणीचे वाटते. वस्तुतः प्रसंगाचा सारा भर त्या काडीवर आहे. वस्तू कोणतीही चालते, मंत्र आणि मंत्र धारण करणारा महत्त्वाचा, हेच तेथे दाखवावयाचे आहे. बाँब परत बोलाविता येत नाही. अर्जुनाने अस्त्र परत बोलाविले.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हा प्रश्न वेगळ्या रीतीने पुढे आणते. कोणत्या पाठाला प्रमाण मानावे हे ठरल्यावाचून नियमांविषयीचा कोणताही तर्क टिकत नाही, आणि आधुनिक कादंबऱ्यांचे चाहतेही मूळ ग्रंथ व लेखकाची नंतरची विधाने यांच्या अधिकाराविषयी असेच भांडत असतात. सभापर्वात द्रौपदीने कृष्णाचा धावा केला, हा भाग चिकित्सक आवृत्तीने मूळ संहितेत न घेता तळटीपांत ठेवला. संहितेत वस्त्रामागून वस्त्र निघत राहते आणि ते कोणाच्या सामर्थ्याने, हे सांगितलेले नाही. धर्माने की द्रौपदीच्या स्वतःच्या सत्याने, की आणखी कोणी? नाईकांच्या वाड्यातील श्रोत्याला या प्रसंगी शंका पडण्याचे कारण नव्हते, कारण त्याच्या महाभारतात धावा होता आणि धाव्याला येणारा कृष्ण होता. चिकित्सक आवृत्ती उघडणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला मात्र ती शंका पडते, आणि तिचे उत्तर देण्यासाठी समोर संजय बसलेला नाही.