रजेच्या हिशेबातील समुद्र : इलेक्ट्रॉनिक सिटीच्या किनारी सुट्टीचा पूर्वेतिहास

बेंगळुरूच्या दक्षिणेस होसूर रस्त्यालगत वसलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीपासून कोणताही समुद्रकिनारा सुमारे तीनशे किलोमीटर किंवा त्याहूनही दूर आहे. तरीही तेथील नोकरदारांच्या सुट्टीच्या बेतांत गोव्यातील वा गोकर्णातील रिसॉर्टला आज जे स्थान आहे, ते आधीच्या पिढीच्या नोकरदाराला चमत्कारिक वाटले असते. या सवयीचा उगम शोधताना भूगोलापेक्षा रजेचे कायदे अधिक उपयोगी पडतात.

पश्चिम किनाऱ्यावर बाहेरून येणारा माणूस पूर्वी व्यापारासाठी, सरकारी कामासाठी किंवा तीर्थयात्रेसाठी येई, आणि गोकर्णातील समुद्रस्नान हे तेथील महाबळेश्वर मंदिराच्या दर्शनाचे अंग होते, करमणुकीचे नव्हे. इंग्रज अधिकाऱ्यांनी हवापालटाची जी रीत रुजवली तीही डोंगराकडे नेणारी होती. मुंबईच्या गव्हर्नरांसाठी महाबळेश्वर आणि मद्रासच्या गव्हर्नरांसाठी उटकमंड ही त्याची ठळक उदाहरणे होत. 1862 मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आलेल्या उत्तर कानडा जिल्ह्याचे मुख्य ठाणे कारवार येथे होते. तेथे जिल्हा न्यायाधीश असलेले सत्येंद्रनाथ ठाकूर यांच्याकडे 1883 मध्ये त्यांचे धाकटे बंधू रवींद्रनाथ राहिले आणि तेथील किनाऱ्याने ते भारावून गेले. समुद्राकाठी निवांत राहण्याचे हे या भागातील एक जुने, नोंदलेले उदाहरण असले, तरी ते पाहुण्याचे वास्तव्य होते. भाडे देऊन समुद्र पाहण्याची व्यवस्था तेव्हा कारवारात रूढ झालेली नव्हती.

त्या व्यवस्थेचे आजचे रिसॉर्ट-रूप जगात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आले. 1950 मध्ये माजोर्का बेटावर क्लब मेड या पर्यटन संस्थेने आपले पहिले सुट्टीगाव उभारले, आणि 1981 मध्ये जमैकातील माँटेगो बे येथे सँडल्स हे रिसॉर्ट सुरू झाल्यानंतर ‘सर्वसमावेशक’ पद्धत, म्हणजे खोली, जेवण, पेये व खेळ यांची एकच आगाऊ किंमत घेण्याची रीत, कॅरिबियन बेटांची ओळख बनली. गोव्याचा मार्ग निराळा होता. 1961 च्या मुक्तीनंतर कळंगुट व हणजुणे येथे आलेल्या हिप्पींनी किनारा प्रसिद्ध केला, पण मुक्काम मच्छीमारांच्या घरांत किंवा झापांच्या झोपड्यांत केला. श्रीमंती थाटाचा आरंभ 1974 मध्ये, आग्वादच्या पोर्तुगीज किल्ल्याच्या आवारात ताज समूहाने काढलेल्या हॉटेलाने झाला. 1983 मध्ये राष्ट्रकुल देशांचे शासनप्रमुख तेथे विश्रांतीसाठी उतरले आणि 1987 मध्ये जर्मनीहून थेट चार्टर विमाने, म्हणजे प्रवासी कंपनीने संपूर्ण भाड्याने घेतलेली विमाने, येऊ लागली. त्यांना ‘जागृत गोंयकारांची फौज’ या संघटनेने केलेला विरोध पर्यटनाच्या कौतुकपर इतिहासांत सहसा तळटीपेपुरता उरतो, आणि ते अन्यायाचे आहे, कारण पाणी, जमीन व किनाऱ्यावरील वाट यांविषयीचे त्या वेळचे प्रश्न आजही सुटलेले नाहीत. 1991 च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेने भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतची बांधकामे नियंत्रणाखाली आणली; ग्रामीण किनाऱ्यावर पहिले 200 मीटर नव्या बांधकामाला बंदी झाली.

याच काळात इलेक्ट्रॉनिक सिटी बदलत होती. ‘कीऑनिक्स’ या कर्नाटक शासनाच्या महामंडळाने, आर. के. बाळिगा यांच्या नेतृत्वाखाली, 1978 मध्ये कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या 332 एकर जमिनीवर ही वसाहत आखली, ती प्रामुख्याने इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कारखान्यांसाठी. 1994 मध्ये इन्फोसिसचे मुख्यालय तेथे आले आणि हळूहळू सॉफ्टवेअर कचेऱ्यांनी वसाहतीचा चेहरा पालटला. कारखान्याला 1948 चा कारखाना अधिनियम लागू होता, ज्यात साधारण वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा साठत असे. मात्र कारखान्याची रजा बहुधा गावाकडच्या लग्नकार्याला आणि जत्रेला खर्ची पडे. सॉफ्टवेअर कचेऱ्यांच्या पाच दिवसांच्या आठवड्याने हा हिशेब मोडला. शुक्रवार किंवा सोमवारी एखादी सार्वजनिक सुट्टी आली की तीन दिवस मोकळे होतात, आणि 1 नोव्हेंबरचा कन्नड राज्योत्सव मंगळवारी वा गुरुवारी पडला तर मधल्या दिवसाची एकच रजा टाकून चार दिवस जुळवता येतात. वर्षारंभी दिनदर्शिका समोर ठेवून अशा जोडसुट्ट्या हेरण्याची रीत यातूनच पडली.

तीन-चार दिवसांत सुमारे साडेपाचशे किलोमीटरवरील गोवा गाठण्याचे काम रात्रीच्या स्लीपर बसने केले. 2008 मध्ये विमानतळ शहराच्या उत्तर टोकाला देवनहळ्ळीस गेला आणि दक्षिण टोकाच्या इलेक्ट्रॉनिक सिटीकरांना विमानातील तासाभराच्या प्रवासाआधी वाहतुकीतून संपूर्ण शहर ओलांडणे भाग पडले. 2010 मध्ये खुल्या झालेल्या होसूर रस्त्यावरील उन्नत मार्गाने हा त्रास सिल्क बोर्ड चौकापर्यंतच कमी केला. बस मात्र संध्याकाळी कचेरीजवळूनच मिळते आणि हुबळी, यल्लापूर, अंकोला या मार्गाने सकाळी किनाऱ्यावर सोडते. अंकोल्यापासून गोकर्ण जवळ असल्याने, गोव्याची गर्दी व भाव नकोसे झालेल्यांचा ओघ ओम व कुडले या किनाऱ्यांकडे वळला. नोकरीसाठी येथे आलेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांचे कुलदैवत गोव्यातील मंगेश किंवा शांतादुर्गा आहे, त्यांच्या बेतात कुलाचार आणि रिसॉर्ट एकाच फेरीत बसतात, आणि घरातील वडीलधाऱ्यांची संमती मिळवण्यास हा योग फार उपयोगी ठरतो.

करविषयक नियमांचाही या निवडीवर परिणाम झाला. केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी 1956 मध्ये सुरू केलेली रजा प्रवास सवलत पुढे खासगी नोकरीच्या पगारपत्रकातही भत्ता म्हणून आली; जुन्या करपद्धतीत चार वर्षांच्या गटात दोन प्रवासांपुरती तिच्यावर करमाफी मिळते, पण ती केवळ भारतातील प्रवासाला. त्यामुळे जमैका किंवा बार्बाडोस या हिशेबात बसत नाही, गोवा बसतो. आणि तेथेही सवलत भाड्यापुरतीच असल्याने लेखा विभागाला द्यावयाचे ते तिकीट, रिसॉर्टच्या बिलाला तेथे जागा नाही.