ओसरी सोडू नये

माझ्या तरुणपणी गावात दर महिन्याला आम्हा कवींची बैठक भरत असे. कधी शिंप्याच्या दुकानात, कधी मास्तरांच्या ओसरीवर. मग एका बड्या असामीने सभागृह दिले, ध्वनिक्षेपक दिला. आम्ही हरखून तिकडे गेलो. चार वर्षांनी सभागृहाला कुलूप लागले. ओसरी होती तिथेच होती, पण तिथे सतरंजी अंथरायची सवय कुणालाच उरली नव्हती.

इंटरनेटच्या इतिहासात हीच गोष्ट 'जॅबर'ची. संगणकावरून तत्काळ निरोप धाडण्याची ही खुली पद्धत जेरेमी मिलर या अमेरिकन तरुणाने १९९९ साली मांडली. कुणीही आपला सर्व्हर उभारावा आणि ई-मेलप्रमाणे दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलावे, अशी ती रीत. २००५ साली गूगलने याच पद्धतीवर 'गूगल टॉक' काढले आणि २००६ मध्ये इतर सर्व्हरसाठी दार उघडले. छोट्यांना आनंद झाला. पण २०१३ साली गूगलने 'हँगआउट्स' आणले, त्याला बाहेरच्यांशी बोलता येत नव्हते. गूगलचे लोक तिकडे वळले, तसे छोट्या सर्व्हरवरच्यांचे जुने स्नेही एकेक करून मुके झाले. पुढे २०२२ साली हँगआउट्सही बंद झाले. जॅबर मात्र मेले नाही. व्हॉट्सॲपची मूळ बांधणी त्याच पद्धतीत फेरफार करून झाली, फक्त भोवती भिंत घालून.

आता तोच प्रसंग 'मॅस्टोडॉन'पुढे आहे. २०१६ साली जर्मनीत ऑयगेन रोखको याने सुरू केलेले हे हजारो छोट्या सर्व्हरांचे जाळे. जुलै २०२३ मध्ये फेसबुकवाल्या मेटाने 'थ्रेड्स' काढले आणि या जाळ्याला जोडून घेण्याचा मनोदय सांगितला. अनेक सर्व्हरचालकांनी 'आम्ही दार लावू' अशी शपथ घेतली. इतर म्हणाले, माणसे येताहेत, येऊ द्या. त्या डिसेंबरात जोडणीची चाचणी सुरू झाली.

मला दोन्ही बाजू कळतात. दार लावायचे की नाही, हे प्रत्येक सर्व्हरने आपल्यापुरते ठरवावे. या जाळ्याची खुबी तीच आहे. पण पाहुण्याच्या सोयीसाठी घराचे नियम बदलू नयेत. सर्व्हरचा खर्च वर्गणीतूनच भागवावा. आणि सर्व्हर बदलताना आपले अनुयायी सोबत नेण्याची मॅस्टोडॉनमधली सोय येणाऱ्या बड्यांकडेही मागावी.

बड्या असामीला मी दोष देत नाही. सभागृह त्याचे होते, कुलूपही त्याचेच. चूक आमची. त्या चार वर्षांत महिन्याची एक तरी बैठक आम्ही ओसरीवर घ्यायला हवी होती.