ओसरीवरचा आजार

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आणि ‘म्हातारचळ’ हा शब्द आपल्या तोंडी इतके रुळलेत, की त्यांत एक निदान दडलंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हातारपणी डोकं चालेनासं होतंच, त्यात डॉक्टरकडे नेण्यासारखं काय आहे, असं ते निदान. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या मनोविकारतज्ज्ञांनी गोव्यातले वृद्ध, गावातली जाणती माणसं, आरोग्य कर्मचारी आणि डॉक्टर यांच्याशी बोलून केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं वर्णन ऐकवल्यावर बहुतेकांना ते ओळखीचं वाटलं; पण हा आजार आहे असं ना वृद्धांना वाटत होतं, ना आरोग्य कर्मचाऱ्यांना. त्यातली एक नोंद मला सगळ्यांत मोलाची वाटते. प्राथमिक आरोग्य सेवेतल्या डॉक्टरांसमोर असे रुग्ण क्वचितच येत. गावात फिरणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना मात्र ते वरचेवर दिसत. आजार ओसरीवर होता, ओपीडीत त्याचा पत्ता नव्हता. वृद्धांच्या मानसिक आरोग्यासाठी गोव्यात पुढे ज्या टीम उभ्या राहिल्या, त्यांची गोष्ट ‘तज्ज्ञ पुरेसे नव्हते, म्हणून साध्या माणसांवर भागवलं’ अशी सांगता येते, आणि त्यात खोटं काही नाही. पण ती अर्धीच गोष्ट आहे. ही माणसं आजार जिथे होता तिथे नेमली गेली, ही उरलेली अर्धी.

त्याच अभ्यासात दुसरी एक गोष्ट समोर आली होती. मुलांनी प्रेम दिलं नाही, हेळसांड केली, म्हणून म्हाताऱ्या माणसाचं असं होतं, अशी लोकांची समजूत होती. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांना बनारसमध्ये हेच आढळलं होतं. १९९८ सालच्या ‘नो एजिंग इन इंडिया’ या पुस्तकात त्यांनी दाखवलं, की तिथे ‘सठियाणं’ हा मेंदूचा बिघाड कमी आणि ‘बिघडलेल्या घराची’ खूण जास्त मानली जाते. या समजुतीची किंमत कोण मोजतं ते पाहा. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती जेवून उठते आणि अर्ध्या तासात शेजारणीला सांगते, की मला कुणी जेवायलाच वाढलं नाही. तिच्या दृष्टीने ते खरंच असतं, कारण जेवल्याची आठवण पुसून गेलेली असते. शेजारीण ऐकते, गावभर होतं, आणि सून उपाशी ठेवते असा बोभाटा होतो. सांभाळणारी बहुतेक घरांत बाईच असते. तेव्हा या आजाराचं निदान करणं म्हणजे रुग्णाला नाव चिकटवणं नव्हे. घरातल्या एका बाईला आरोपातून सोडवणंही त्यात येतं. हे काम गोळी करू शकत नाही, आणि महिन्याकाठी पाच मिनिटं भेटणारा डॉक्टरही करू शकत नाही.

वृद्धांच्या मानसिक आजारांसाठी टीम हवी, ही कल्पना गोव्यात जन्मली नाही. लंडनच्या पूर्वेला गुडमेज रुग्णालयात टॉम एरी यांनी १९६९ पासून रुग्णाला दाखल करण्याआधी त्याच्या घरी जाऊन पाहण्याचा पायंडा पाडला, आणि डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक यांना एकत्र कामाला लावलं. पण तिथे रुग्णालय आधीच उभं होतं. टीम तिथून निघून घराकडे गेली. आपल्याकडे निघायला रुग्णालयच नव्हतं. १९९२ मध्ये डॉ. जेकब रॉय यांच्या पुढाकाराने कोचीत अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी सुरू झाली, आणि त्याच शहरात १९९८ मध्ये ‘१०/६६’ हा संशोधकांचा गट जमला. स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत, पण त्यांच्या वाट्याला १० टक्क्यांहूनही कमी संशोधन, म्हणून हे नाव. या गटातल्या के. एस. शाजी यांनी त्रिशूर भागात गावपातळीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना थोडक्यात प्रशिक्षण देऊन पाहिलं. या कर्मचाऱ्यांनी ज्यांच्याबद्दल शंका घेतली, त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांश माणसांना खरोखरच स्मृतिभ्रंश निघाला. जे नजरेला दिसतच होतं, त्याला नाव तेवढं हवं होतं.

गोव्यात संशोधक अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचं पाऊल उचललं. त्यांच्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन तालुक्यांतली ८१ कुटुंबं, त्यांपैकी ४१ घरांत गृहसल्लागार जाणार. सल्लागार म्हणजे कोकणी बोलणारी, शिकलेली, म्हाताऱ्या माणसांबद्दल आस्था असलेली स्थानिक माणसं. त्यांना आठवडाभराचं प्रशिक्षण, पाठीशी एक समुपदेशक आणि अर्धवेळ मनोविकारतज्ज्ञ. किमान पंधरा दिवसांतून एकदा ते घरी जात. आजार काय आहे ते समजावणं, आंघोळ-कपड्यांचे हाल कमी कसे करायचे ते सांगणं, वागणं फारच बिघडलं तर तज्ज्ञाकडे पाठवणं, सरकारी योजनांची माहिती देणं, अशा घरांची एकमेकांशी गाठ घालून देणं, असं ते काम. वाचताना किरकोळ वाटतं. पण स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी न्या’ म्हणणाऱ्या आईशी हुज्जत घालायची नाही, तिला अंगणात एक फेरी मारून आणायची, हे कुणीतरी सांगितल्याशिवाय सुचत नाही. ते सुचेपर्यंत त्या घराच्या रात्रीच्या रात्री जागून निघतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो आपल्या संस्कृतीच्या नावाने. आपल्याकडे घरची माणसं सांभाळतात, बाहेरचं माणूस कशाला? सांभाळतात, हे खरंच आहे. २००१ च्या अभ्यासातही काळजीचा जवळजवळ सगळा भार कुटुंबावरच होता. पण ती काळजी समजलं जातं तेवढी भरवशाची नव्हती, अनेकदा मालमत्ता मिळण्याच्या आशेवर टिकून होती, आणि आपण परावलंबी होऊ या भीतीने वृद्ध धास्तावलेले होते, हेही त्याच अभ्यासात आहे. मुलगा आखातात किंवा तारवटी होऊन जहाजावर, घरात दोन म्हातारी माणसं, हे चित्र गोव्याला नवं नाही. कुटुंब आहे म्हणून सेवा नको, हा युक्तिवाद करणारे सहसा त्या घरातले सांभाळणारे नसतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आठवड्याच्या प्रशिक्षणावर नेमलेला माणूस म्हणजे गरिबांसाठी दुय्यम दर्जाची सेवा नव्हे का? तज्ज्ञाला वगळून नेमला असता तर होती. इथे तज्ज्ञ टीममध्येच होता, फक्त तो दारात पहिला उभा नव्हता. आणि निकालाबाबत प्रामाणिक राहायला हवं. सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं, रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. रुग्णाच्या स्वतःच्या वागण्यात आणि कामं करण्याच्या क्षमतेत मात्र खात्रीने सांगता येईल इतका फरक पडला नाही. काहींना यात अपयश दिसेल. ज्या आजारावर बरं करणारं औषधच नाही, त्यात सांभाळणारी बाई कोलमडली नाही, याला मी उपचारच म्हणेन.

स्मृतिभ्रंशाखेरीज वृद्धांना होणाऱ्या नैराश्याच्या बाबतीत पुरावा आणखी स्पष्ट आहे. डायस यांच्याच टीमने गोव्यात साठीपुढच्या १८१ जणांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना नैराश्याची सौम्य लक्षणं होती. समुपदेशक पुन्हा साधीच माणसं; अडचणी एकेक करून कशा सोडवायच्या, झोप कशी सुधारायची, मधुमेहासारख्या आजारात स्वतःची काळजी कशी घ्यायची, एवढं ते शिकवत. ज्या ९१ जणांना ही मदत मिळाली त्यांतल्या ४ जणांना, आणि न मिळालेल्या ९० पैकी १३ जणांना पुढे तीव्र नैराश्य आलं.

आता प्रश्न उरतो तो मुदतीचा. गृहसल्लागारांची चाचणी सहा महिन्यांची होती. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षं चालतो. २०११ च्या जनगणनेत गोव्याची सुमारे ११ टक्के लोकसंख्या साठीपुढची होती, आणि हा आकडा वाढतच जाणार आहे. प्रकल्पाचा निधी संपला की सल्लागार संपतो, ही रीत मोडायची तर त्याचं पद आरोग्य खात्याच्या आकृतिबंधात यायला हवं, दरमहा पगारासकट. आणि त्या पदाच्या कामांच्या यादीत ‘सांभाळणाऱ्या व्यक्तीशी एकटीशी बोलणं’ हेही लिहिलेलं हवं.