कोयत्याची गोष्ट कोणत्या प्रबंधात?

उद्योजकतेच्या संशोधनात आता गोष्टींना मान मिळू लागला आहे. आकड्यांत जे सापडत नाही ते उद्योजकाच्या तोंडून ऐकायचे. आमचा याला विरोध नाही. सवाल एवढाच की गोष्ट कोणाची?

गोष्ट हा पुरावा असतो, हे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये केव्हाच दाखवले. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या मुलांकडे पैसे होते. त्यांनी गाडीवानाला दुप्पट भाडे कबूल केले, तरी गाडी मुलांनीच हाकायची आणि तो पायी चालणार, या अटीवर. बाजारात पैशाला जात नसते म्हणणाऱ्यांना हा एक प्रसंग पुरे. पुढे त्यांनीच शेअर्सबाबत सल्ला देणारी पेढी काढली; सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक गळाले.

२०१४ साली देवेश कपूर, डी. श्याम बाबू आणि चंद्रभान प्रसाद यांनी २१ दलित उद्योजकांच्या कहाण्या पुस्तकरूपात आणल्या. त्या माणसांचा आम्हाला अभिमानच आहे. पण जिंकलेल्यांच्याच गोष्टी जमवल्या की जात ही जिद्दीने ओलांडायची अडचण वाटू लागते, आणि बुडालेल्याचा दोष त्याच्याच माथी बसतो. बुडालेली पेढी मग कोण मोजणार?

आता केजकडे या. सहकारी साखर कारखानदारीची गोष्ट १९५० च्या प्रवरेपासून, विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळांपासून सांगतात. गोष्ट मोठीच आहे. पण ऊसउत्पादक सभासद व्हायला ऊस हवा, उसाला जमीन आणि पाणी हवे. ज्यांच्याकडे हे नव्हते ते केजसारख्या तालुक्यांतून या गोष्टीत कोयता म्हणून शिरले. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाची उचल घ्यायची, ती फिटेस्तोवर फडात राबायचे. एक आजारी पडला की खाडा, आणि अंगावर बाकी. जोखीम पत्करतो तो उद्योजक, असे पुस्तक सांगते. मग ही जोखीम कोणत्या प्रकरणात बसते?

याच बीड जिल्ह्यात एकनाथ आवाडांनी भूमिहीनांना गायरानांवर उभे केले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे कायम करायची वाट मोकळी झाली. माळ फोडून रान करणाऱ्याला महसुली दप्तर आजही 'अतिक्रमणधारक' म्हणते. संशोधकाने त्याच्या बांधावर बसावे आणि विचारावे: पहिल्या वर्षी काय पेरलेत, उभ्या पिकात जनावरे कोणी सोडली, आणि सातबारा नाही म्हणून कोणत्या बँकेने परत पाठवले?