चारशे चौरस फुटांतलं खुराडं

आमच्या घरात चार वर्षं कोंबडी नव्हती. ऐकणाऱ्याला यात काही मोठं वाटणार नाही. पण भूकंपाआधी सास्तूरच्या आजूबाजूच्या गावांत ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना विचारा. दारात कोंबडी नाही असं घर म्हणजे एक तर ओस पडलेलं, नाही तर सुतक असलेलं.

30 सप्टेंबर 1993. पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव दमून झोपलं होतं. आमच्याकडची जुनी घरं दगडमातीची. भिंती दोन-दोन हात रुंद, वर लाकडाचे खण आणि त्यावर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात हे घर गार राहायचं, पण हललं तेव्हा तेच ओझं अंगावर आलं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळजवळ आठ हजार माणसं गेली. त्यात आमची आजी.

आम्ही लेकरं अंगणात झोपलो होतो म्हणून वाचलो. आजी आत होती. जिन्याखाली खुराडं होतं. पहिला कोंबडा आरवला की ती उठायची, खुराड्याची फळी उचलायची आणि मग चूल पेटवायची. त्या पहाटे ती उठली होती की झोपेतच होती, हे कुणाला कळलं नाही. आजोबांनी मात्र मनाशी धरलं, की ती कोंबड्यांकडंच गेली असणार. त्यानंतर कुठं पहाटे कोंबडा आरवला की ते उठून बसायचे आणि उजाडेपर्यंत तसेच बसून राहायचे.

पुढची वर्षं पत्र्याच्या शेडात गेली. 1997 च्या उन्हाळ्यात नव्या गावात घर मिळालं. त्या पुनर्वसनात 52 गावं जुनी जागा सोडून दुसरीकडं वसवली. भूमिहीनाला 250 चौरस फुटांचं घर, सात हेक्टरांपर्यंत जमीन असणाऱ्याला 400 आणि त्याहून जास्त असेल तर 750. आमच्या वाट्याला 400 आलं. रस्ते सरळ, घरं ओळीत. पण ओळी घराच्या मापानं पडल्या, त्यामुळं जुन्या गल्ल्या मोडल्या. जिच्याकडं आई रोज विस्तव मागायला जायची, ती काकू गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. गुरं कुठं बांधायची, कडबा कुठं रचायचा, हे त्या नकाशात नव्हतं. आजोबा तर स्लॅबखाली झोपायलाच तयार नव्हते. त्यांची बाज बाहेरच.

आईनं एका रात्री विषय काढला.

"मामा, दोन-चार कोंबड्या आणू का? मीठमिरचीला हातात पैसा राहतोय."

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आण. पण कोंबडा नको."

मावशीनं चार गावरान तलंगा दिल्या. आईनं पडक्या घरातल्या लाकडांचं खुराडं केलं आणि आठवडाभर त्यांना कोंडून ठेवलं. नव्या जागी आणलेली कोंबडी लगेच मोकळी सोडली तर ती घर धरत नाही. भलत्याच्याच वळचणीला जाऊन बसते. आठव्या दिवशी फळी उचलली, आणि दिवस मावळताना चारही आपसूक आत आल्या. आई म्हणाली, "यांना आठ दिवस लागले. आपल्याला किती लागतील कुणास ठाऊक."

कोंबड्या अंडी घालायला लागल्या. कोंबड्याशिवायही अंडी मिळतात, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. एक खुडूक बसली तेव्हा आईनं धरणाकाठच्या एका ओळखीच्या घरातून बदकाची चार अंडी आणली आणि तिच्याखाली ठेवली. बदकाला 28 दिवस लागतात, कोंबडीला 21. म्हणून आठव्या दिवशी काकूकडची सहा अंडी त्यात सरकवली. सगळी पिल्लं एकदमच निघाली. चार बदकं, पाच कोंबड्या. त्याच सुमारास आईनं गिरिराजाची आठ पिल्लं विकत घेतली. बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली ही जात. अंगानं मोठी, अंडी जास्त, पण खुडूक सहसा बसत नाही. त्यामुळं आईचा हिशेब सरळ होता: अंड्याला गिरिराजा, उबवायला गावरान, आणि बदकं आहेत म्हणून बदकं.

एकत्र ठेवण्याचे त्रासही कळत गेले. बदकं पाणी सांडून खुराड्यात चिखल करायची आणि त्या ओलीनं पिल्लांना रक्ती हगवण लागली. मग त्यांचा कोपरा वेगळा केला. बदकं सांडपाण्याच्या खड्ड्यात उतरली की ती खुडूक काठावर कावरीबावरी होऊन फिरायची. आजोबा बाजेवरून बघायचे. एकदा हसले. किती वर्षांनी, ते मी मोजलं नाही.

मग आईची चूक झाली. बाजारातून पाच कोंबड्या स्वस्तात मिळाल्या. तिनं त्या आणल्या आणि त्याच संध्याकाळी कळपात सोडल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी एक चोच उघडी टाकून धापा टाकायला लागली. हिरवी हगवण, मग मान पिळवटली. आम्ही तिला मानमोडी म्हणतो. दवाखान्यात राणीखेत म्हणतात, कारण 1920 च्या दशकात आपल्या देशात ती कुमाऊंतल्या राणीखेतला आढळली. त्याच काळात इंग्लंडात न्यूकॅसलला दिसली, म्हणून तिकडं तिला ते नाव. नावं किती का असेनात, औषध एकालाही नाही. आहे ती फक्त लस. आठवडाभरात 26 पक्ष्यांतले सहा उरले. दोन गावरान आणि चारही बदकं. या रोगाला बदकं सहसा बळी पडत नाहीत. आईनं मेलेल्या कोंबड्या खोल खड्डा करून पुरल्या, वर चुना टाकला. रडली नाही. फक्त म्हणाली, "परत नको आता."

लस कशी असते हे तेव्हा कळलं. लासोटाची लहानात लहान बाटली शंभर पक्ष्यांची. फोडली की तास-दोन तासांत संपवावी लागते, आणि बर्फातच ठेवावी लागते. सहा पक्ष्यांसाठी ती कोण आणणार? पण मानमोडी एका घरात थांबली नव्हती, प्रत्येक ओळीत कुणाचं ना कुणाचं खुराडं रिकामं झालं होतं. काकूच आमच्याकडं आली. मग आई आणि ती, दोघी जुन्या गल्लीतली घरं शोधत साऱ्या गावात फिरल्या. शंभर पक्षी भरेपर्यंत त्यांना जवळजवळ सगळी गल्ली गोळा करावी लागली. थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आली. दिवस मावळताना बाया डालग्यात पिल्लं घेऊन आमच्या दारात बसल्या. एकेकीच्या पिल्लाच्या डोळ्यात एकेक थेंब. चार वर्षांत त्या सगळ्या एका जागी बसलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या. काम संपल्यावरही कुणी उठेना.

आजोबा त्यात नव्हते, पण ऐकत होते. पुढच्या बाजारी ते लोहाऱ्याला गेले आणि उपरण्यात एक तांबडा कोंबडा गुंडाळून घेऊन आले.

"पंधरा दिवस वेगळा ठिव याला," आईला म्हणाले. "लगीच मिसळू नको."

आई काही बोलली नाही. डालगं आणून त्याच्यावर पालथं घातलं.

दुसऱ्या पहाटे, अंधारातच, तो आरवला. आजोबा बाजेवर उठून बसले. आईही जागी होती, मीही. आम्ही दोघी दम धरून पडून राहिलो. थोड्या वेळानं त्यांनी काठी चाचपली, चालत खुराड्यापाशी गेले आणि फळी वर उचलली. मग आत तोंड करून म्हणाले, "उठा गं. चार वाजले. नळाला पाणी येईल."

उस्मानाबादचं आता धाराशिव झालं. 400 फुटांच्या घराला आम्ही पत्र्याच्या दोन खोल्या जोडल्या. 2013 च्या दुष्काळात बदकं देऊन टाकावी लागली, माणसालाच पाणी नव्हतं. कोंबड्या मात्र आहेत. लसीची बाटली अजून वाटूनच आणतात. आजोबा गेल्यावर फळी आई उचलायची. तिचे गुडघे दुखायला लागल्यापासून वहिनी उचलते.