सहा दिवसांत पाच सामने

नांदेडच्या एखाद्या कॉलेजचा संघ आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी लातूरला निघतो, तेव्हा खेळाइतकीच चर्चा खर्चाची होते. एसटीचे भाडे, मुक्कामाची खोली, जेवण हे जमले तरच मैदान दिसते. अमेरिकन फुटबॉलचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा मला सर्वांत ओळखीचा वाटला तो हाच हिशेब.

या खेळाशी आपला संबंध अलीकडचा. २०१२ साली ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’च्या पहिल्या हंगामात पुणे मराठाज संघाने अंतिम सामन्यात दिल्ली डिफेंडर्सला ६-० असे हरवले. नाव फुटबॉलचे असले तरी खेळ रग्बीच्या घरचा. चेंडू छातीशी धरून, धडका देत समोरच्याच्या हद्दीत घुसायचे. यातला लहान कॉलेजचा सर्वांत गाजलेला हंगाम मात्र १८९९चा.

त्या साली आपल्याकडे छप्पन्नाचा दुष्काळ पडला होता आणि गोदावरी खोऱ्यातून नांदेडमार्गे जाणाऱ्या मीटरगेज रेल्वेचे काम त्याच सुमारास चालू होते. तिकडे टेनेसी राज्यातल्या डोंगरावर सवानी या गावी ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’ हे मोजक्या विद्यार्थ्यांचे कॉलेज होते. तिकिटांच्या उत्पन्नावरून शेजारच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी त्याचे बिनसले आणि वर्षातला सर्वाधिक कमाईचा सामना हातचा गेला. ही तूट भरून काढायला संघाचा विद्यार्थी व्यवस्थापक ल्यूक ली याने रेल्वेचा दौरा आखला. साधारण चार हजार किलोमीटरचा प्रवास आणि बरोबर २१ खेळाडू.

पिण्यासाठी गावच्या झऱ्याचे पाणी पिंपांत भरून घेतले. खेळायचे बूट मात्र मागेच राहिले आणि मागाहून मागवावे लागले.

९ नोव्हेंबरला ऑस्टिनमध्ये टेक्सास विद्यापीठावर १२-०, दुसऱ्या दिवशी ह्यूस्टनमध्ये टेक्सास ए अँड एमवर १०-०, ११ तारखेला न्यू ऑर्लिन्समध्ये ट्युलेनवर २३-०. रविवारी विश्रांती. १३ला लुइझियाना स्टेटवर ३४-० आणि १४ला मेम्फिसमध्ये मिसिसिपीवर १२-०. एकूण ९१ गुण, विरोधात शून्य. त्या काळी मैदानाबाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत येता येत नसे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांमागची दमछाक कळते.

अख्ख्या हंगामात सवानीने बाराही सामने जिंकले. गुण ३२२ विरुद्ध १०. हे दहाही गुण एकट्या ऑबर्नने मिळवले आणि तो सामना सवानीने ११-१० असा जेमतेम वाचवला. लगेच दोन दिवसांनी नॉर्थ कॅरोलायनाला ५-० हरवून दक्षिणेचे अजिंक्यपद निर्विवाद केले.

पुढे या खेळात पैसा वाढला. सवानी साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या संस्थापकांपैकी एक; पण १९४०मध्ये बाहेर पडेपर्यंत तिथले ३७ सामने खेळून एकही जिंकू शकले नाही. ज्या पैशाच्या ओढीने दौरा घडला, त्याच पैशाच्या शर्यतीत लहान कॉलेज मागे पडले. तिथे आजही फुटबॉल आहे, पण लहान कॉलेजांच्या गटात.

एक गोष्ट आपण मराठवाड्यातल्या लोकांनी विसरू नये. त्या कॉलेजात तेव्हा प्रवेश फक्त गोऱ्या मुलांना होता. अजिंक्य कोण, हे ठरण्याआधीच मैदानावर कोण उतरणार हे ठरलेले होते.

तरीही सव्वाशे वर्षांनंतर मला तिथल्या पाण्याची पिंपे आणि विसरलेले बूट माहीत आहेत, कारण कोणीतरी ते लिहून ठेवले. आपल्या कॉलेजांत भिंतीवर चषकासोबतचा फोटो असतो आणि खाली साल. त्या हंगामात भाडे कोणी दिले, उपाशी कोण खेळले, घरच्यांनी कोणत्या मुलीला पाठवलेच नाही, याची नोंद नसते. ते सांगणारी माणसे अजून नांदेडला आहेत, लातूरला आहेत. ती आहेत तोवर हे लिहून घ्यायला हवे.