झूल आणि हिंदूच्या मधली जागा

दिवाळीत उमरखेडला गेलो की भाच्याशी बोलायला विषय शोधावा लागतो. या खेपेला त्यानंच काढला. फुमितो उएदा नावाचा एक जपानी गेम बनवणारा आहे, त्याच्याबद्दल तो मला अर्धा तास सांगत होता. २००१ साली 'इको', २००५ साली 'शॅडो ऑफ द कोलोसस', आणि मग एकदम २०१६च्या डिसेंबरात 'द लास्ट गार्डियन'. मधे २००९ मध्ये गेम येणार म्हणून जाहीर केला आणि लोकांना सात वर्षं नुसतं ताटकळत ठेवलं. "अकरा वर्षं, मामा! एवढी वर्षं एक माणूस करतो तरी काय?"

मी म्हटलं, "आमच्याकडे एकतीस वर्षांची केस आहे."

त्याला वाटलं मी गंमत करतोय. पण भालचंद्र नेमाड्यांची 'झूल' आली १९७९ साली आणि त्यानंतरची कादंबरी, म्हणजे 'हिंदू', आली जुलै २०१० मध्ये. वजाबाकी तुम्हीच करा. या एकतीस वर्षांतली शेवटची सोळा-सतरा वर्षं मी स्वतः वाट पाहण्यात घालवली आहेत, आणि ती वाट पाहायला मला ज्यांनी लावलं ते सर उमरखेडमध्येच राहतात. तर भाच्याला अर्ध्यावर सोडून मी सरांकडे गेलो. तिथं जे झालं ते सांगायचं आहे, पण त्याआधी थोडं मागचं.

उमरखेड यवतमाळ जिल्ह्याच्या अगदी टोकाला. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा. आम्ही नकाशावर विदर्भात, पण दवाखाना, लग्नाचा बस्ता आणि पुस्तकं, सगळ्याला नांदेड. सर मूळचे इथले नाहीत. मराठी शिकवायचे. दोन-तीन गावांतल्या नोकऱ्या करून, प्रत्येक ठिकाणी संस्थाचालकांशी काहीतरी बिनसून, शेवटी ते इकडे आले आणि राहिले. 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल' ज्यांनी वाचल्यात त्यांना हे ओळखीचं वाटेल. चांगदेव पाटील हा इंग्रजीचा प्राध्यापक असाच गावोगावच्या कॉलेजांतून बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरतो. खोली मिळवताना विचारली जाणारी जात, स्टाफरूममधले गट, संस्थेचं राजकारण. सर म्हणायचे, "मी ही पुस्तकं वाचली नाहीत, मला ती लागली." लागली म्हणजे ठेच लागते तशी.

१९९४ साली मी बारावीत असताना त्यांनी मला 'कोसला' दिली. नंतर एकेक करत बाकीच्या चार. 'झूल' परत करायला गेलो आणि विचारलं, पुढची? ते म्हणाले, "पुढचीचं नाव 'हिंदू'. येणार आहे." त्यांच्या कपाटात 'झूल'च्या उजवीकडे तीन-चार बोटं रुंद जागा रिकामी होती. बाकी कपाट खच्चून भरलेलं, पुस्तकांवर आडवी पुस्तकं टाकलेली, पण त्या फटीत सर काही ठेवू द्यायचे नाहीत.

आता हे सगळं वेडेपणाचं वाटतं. पण 'कोसला'चा इतिहास आठवा. १९६३ साली ती आली तेव्हा नेमाडे पंचवीस वर्षांचे होते. पुण्यात शिकून आपल्या गावी, खानदेशातल्या सांगवीला परत गेलेला मुलगा, आणि त्यानं काही आठवड्यांत बसून कादंबरी लिहून काढली. पुण्याच्या रा. ज. देशमुखांनी ती छापली. पांडुरंग सांगवीकरची ती पाच-सहा वर्षं, होस्टेल, मेस, मनीचं मरण, मग गावी परत. मराठी कादंबरी तोवर ज्या भाषेत बोलत होती ती या पोरानं बाजूला सारली. असं पुस्तक काही आठवड्यांत होतं हे एकदा कळलं की वाचक बिघडतो. त्याला वाटतं, मनात आणलं तर हा माणूस दर दिवाळीला एक देईल.

पण नेमाड्यांनी तेव्हाही तसं केलं नव्हतं. 'कोसला'नंतर 'बिढार' यायला बारा वर्षं गेली, १९७५ उजाडलं. मधल्या काळात 'वाचा' नावाचं लघुनियतकालिक चालवलं, नोकऱ्या केल्या, लंडनला शिकवून आले, १९७० साली 'मेलडी' हा कवितासंग्रह काढला. म्हणजे पहिलं मौन बारा वर्षांचं होतंच. आणि ते फुटलं तेव्हा चार वर्षांत चार कादंबऱ्या आल्या. त्यामुळे दुसरं मौन सुरू झालं तेव्हा आम्हाला वाटलं, हेही तसंच. थोडं थांबा, येईलच.

ते 'थोडं' फार लांबलं. माझं बी.ए. झालं, नोकरी लागली, उमरखेड सुटलं. दर वेळी सुटीत सरांकडे गेलो की पहिला प्रश्न ठरलेला. "काही ऐकलं का?" पुण्यात राहणाऱ्याला सगळं कळतं असा त्यांचा समज. मीही काहीबाही सांगायचो. लिहून झालीय म्हणे. पुन्हा लिहितायत म्हणे. चार भाग आहेत म्हणे. यातलं बहुतेक मी चहाच्या टपरीवर ऐकलेलं. सर ते गंभीरपणे ऐकून घ्यायचे. नांदेडच्या दुकानदाराला तर त्यांनी इतक्यांदा विचारलं होतं की तो त्यांना पायरीवर पाहूनच मान हलवायचा.

२०१० साली ती आली. 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ'. पॉप्युलर प्रकाशन, सहाशेच्या आसपास पानं. मी दोन प्रती घेतल्या आणि एक घेऊन उमरखेडला गेलो. सरांनी पुस्तक हातात घेतलं, वजन केल्यासारखं वर-खाली केलं आणि सरळ कपाटाकडे गेले. मावेना! इतकी वर्षं राखलेल्या जागेत ते पुस्तक बसेना. आम्ही दोघंही हसलो. शेवटी 'झूल'सकट सगळ्यांना डावीकडे रेटून ते बसवलं.

महिन्याभरानं फोन केला. "कशी वाटली सर?" तर म्हणाले, "ठेवली." मला वाटलं संपवली. पण त्यांनी दीडशे पानांवर ठेवून दिली होती. मी वाद घातला. मला ती आवडली होती, सगळी नाही, पण पुष्कळ. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेल्या खंडेरावाला कळतं की वडील अत्यवस्थ आहेत, तो मोरगावला निघतो, आणि निघता निघता घर, भाऊबंदकी, बायका, शेती, जाती, पंथ, पार सिंधू संस्कृतीपर्यंतचा सगळा गाळ उपसला जातो. सर म्हणाले, "अरे, मला चांगदेव पाहिजे होता. म्हातारा झालेला. रिटायर होऊन काय करतो ते पाहायचं होतं. हा कोण खंडेराव घेऊन बसू?"

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. एकतीस वर्षं एखाद्या पुस्तकाची वाट पाहायची आणि दीडशे पानांत ते मिटून ठेवायचं! आपल्याला न आवडल्याचं दुःख एवढं नसतं, पण हे म्हणजे स्टँडवर आयुष्यभर थांबावं, गाडी यावी आणि पाटीवर दुसऱ्याच गावाचं नाव असावं तसं झालं. आणि त्यांना त्या स्टँडवर सोबत करणारा मीच होतो. टपरीवरच्या अफवा मीच पुरवल्या होत्या.

पुढे बरीच वर्षं हा प्रश्न डोक्यात राहिला की गेली कुठे ती एकतीस वर्षं. मौनाचेही प्रकार असतात. अरुण कोलटकरांचं घ्या. १९७७ साली 'अरुण कोलटकरच्या कविता' आलं, आणि मराठीतलं पुढचं पुस्तक थेट २००३ साली. तेही एकटं नाही, 'चिरीमिरी', 'भिजकी वही', 'द्रोण' अशी रांगच. २००४च्या सप्टेंबरात कोलटकर गेले. त्यांचं मौन हे छापण्याचं मौन होतं. लिहिणं आत चालूच होतं, वह्या भरत होत्या. दार बंद, पण चूल पेटलेली.

नेमाड्यांचं तसं म्हणता येत नाही. ते गप्प कुठे होते? औरंगाबाद, गोवा, मुंबई अशा विद्यापीठांतून शिकवत होते, देशीवाद मांडत होते, वाद ओढवून घेत होते. 'टीकास्वयंवर'ला १९९०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गप्प होता तो त्यांच्यातला कादंबरीकार. आणि मला आता वाटतं की तो गप्प राहिला याचं कारण सामानात आहे. 'कोसला'ला लागणारं सामान पंचवीस वर्षांच्या मुलाच्या खिशात होतं, त्याची स्वतःची पाच-सहा वर्षं. चतुष्टयाला लागणारं सामान नोकऱ्यांनी पुरवलं. 'हिंदू'ला मात्र काही हजार वर्षं लागत होती, ती गोळा करायची होती. देशीवादाचा जो विचार ते लेखांतून मांडत होते, आपलं साहित्य आपल्या मातीतून, आपल्या परंपरेतून उगवलं पाहिजे, तो आधी स्वतःशी पक्का झाल्याशिवाय ही कादंबरी होणार कशी? १९७९चे नेमाडे ती लिहूच शकले नसते.

आणखी एक. या काळात तो शब्दच बदलला. १९७९ साली कादंबरीचं नाव 'हिंदू' ठेवणं आणि ६ डिसेंबर १९९२ नंतर ठेवणं यात केवढं अंतर आहे! लेखक थांबला असेल, पण भोवतालचा देश थांबला नव्हता. त्याच्या शीर्षकावरून मोर्चे जात होते. दंगली झाल्या, सरकारं बदलली. अशा वेळी त्या शब्दाला 'समृद्ध अडगळ' म्हणायला, म्हणजे टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही अशा घरच्या सामानासारखं त्याच्याकडे बघायला, एक वय लागतं.

हे सगळं मी मनात सरांना कितीदा तरी सांगितलं होतं. प्रत्यक्षात आम्ही २०१० नंतर 'हिंदू'चा विषय टाळत आलो. नेमाड्यांना २०१४चं ज्ञानपीठ जाहीर झालं तेव्हा मी फोन केला, तर सर म्हणाले, "'कोसला'ला मिळालं म्हणायचं." आणि विषय बदलला.

तर या दिवाळीत गेलो तेव्हा सरांच्या घरी रंगकाम झालेलं. सगळी पुस्तकं हॉलमध्ये चादरीवर. सरांचं वय झालंय, वाकवत नाही. म्हणाले, "आलास ते बरं झालं, लाव." पूर्वी त्यांच्याकडे कादंबऱ्या एका कपाटात, समीक्षा दुसऱ्या, कविता तिसऱ्या. मी विचारलं, कशी लावू? ते म्हणाले, "आता शोधायला त्रास होतो. लेखकाप्रमाणे लाव. सालाप्रमाणे."

नेमाड्यांची पाळी आली. 'झूल', १९७९. मग साहित्य अकादमीसाठी इंग्रजीत लिहिलेलं तुकारामांवरचं छोटं पुस्तक, १९८०. मग 'साहित्याची भाषा'. 'टीकास्वयंवर', चांगलं जाडजूड. १९९१चा कवितासंग्रह 'देखणी'. मुलाखतींचं, भाषणांचं. ही सगळी सरांच्याच घरात होती, वाचलेली, पेन्सिलीनं खुणा केलेली, फक्त वेगळ्या कपाटांत. ती ओळीनं लावल्यावर 'हिंदू' 'झूल'पासून वीतभर लांब गेली.

सर खुर्चीवरून बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे माणूस बोलत होता. आपण एकाच दारात बसून होतो."

मी म्हटलं, "मग आता वाचणार का पुढे?"

"बघू," म्हणाले. आणि लगेच, "पण कादंबरी ती कादंबरी असते रे. भाषणानं चांगदेव परत येत नाही." हेही खरंच आहे. वाचकाची तक्रार लेखकाच्या कारणांनी मिटत नसते. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

निघताना 'हिंदू' उघडून पाहिली. दीडशे पानांपाशी एसटीचं एक तिकीट खुणेला होतं, नांदेड ते उमरखेड, शाई उडून गेलेली. मी ते तसंच राहू दिलं.

घरी आलो तर भाचा अजून तिथंच बसलेला. विचारलं, "तुझा तो अकरा वर्षांनी आलेला गेम, तो कसा होता?"

"सुरुवातीला बोअर झाला," म्हणाला. "मला पहिल्यासारखाच पाहिजे होता."